एक बाइट जास्त

जळगावच्या त्या खासगी रक्तपेढीत १९९१ साली कॉम्प्युटर आला. त्याला उन्हाळा सोसत नाही म्हणून मागोमाग एसी आला, आणि एसी आला म्हणून सगळा स्टाफ डबे घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत जेवायला लागला. सुनंदा तायडे तिथली प्रोग्रॅमर. मे महिन्यात जळगावातली थंड खोली जिच्या ताब्यात, तिचा मान कलेक्टरपेक्षा थोडाच कमी.

दुपारी रक्तपेढीच्या गाडीनं धुळ्याच्या शाखेला रक्ताच्या बाटल्या जायच्या. त्यांची यादी सुनंदा टेलिफोनच्या तारेवरून आधीच पाठवायची. तारेचा भरवसा शून्य. पारोळ्याकडे कुणी खांबाला म्हैस बांधली तरी इकडे दोन अक्षरं गळायची. म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये मोजणी घातली होती. बाहेर पडणारं प्रत्येक अक्षर, अगदी मोकळी जागासुद्धा, एकेक बाइट म्हणून मोजलं जायचं आणि शेवटी पडद्यावर बेरीज यायची. धुळ्याचा कॉम्प्युटरही आलेले बाइट मोजायचा. मग तीच तार फोनला लावून दोन्ही आकडे जुळवायचे, आणि जुळल्याशिवाय प्रिंटरवरचा कागद फाडायचा नाही.

ही शिस्त धुळ्याच्या तोतारामनानांची. भुसावळला रेल्वेत टेलिप्रिंटरवर उभा जन्म काढून ते निवृत्त झाले आणि या शाखेत येऊन बसले. टेलिप्रिंटरवर संदेश संपला की घंटीचं एक अक्षर पाठवायची पद्धत होती. कागदावर ते उमटत नाही, नुसतं टिंग वाजतं. घेणाऱ्यानं उलट एक घंटी द्यायची.

"कागद तर मशीनबी लेस," नाना म्हणायचे. "घंटी उनी म्हणजे समोर माणूस शे."

उलट घंटी माणूसच देतो, या त्यांच्या हिशोबाचं सुनंदाला हसू यायचं, पण नानांवर तिचा जीव होता. तिनं दोन्हीकडे घंटीची सोय करून दिली. रोज यादी संपली की इकडून एक घंटी जायची, तिकडून एक यायची.

दिवाळीनंतर नाना गेले. सुनंदा सोनगीरला त्यांच्या घरी जाऊन आली, त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंजवळ बसून रडली, आणि परत आल्यावर घंटीच्या ओळी तिनं प्रोग्रॅममधून काढून टाकल्या. आता उत्तर द्यायला होतं कोण?

दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून अभिमनभाऊंचा फोन. नानांच्या खुर्चीवर आता ते बसत; मूळचे शिंदखेड्याचे, जपून बोलणारे.

"ताई, बठ्ठं बरोबर शे. पण आकडा एकने जास्त शे."

"तारेतला कचरा असेल. कागदावर काही उमटलंय?"

"काहीच नही." ते हळूच म्हणाले, "घंटी वाजनी."

मग रोज तेच. यादीच्या शेवटी एक घंटी, तिनं न पाठवलेली. तिनं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, तारेवर अक्षरं धाडणारा मोडेम बदलून घेतला. कचरा रोज एकाच जागी, एकच अक्षर होऊन येत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण आकडे जुळायलाच हवेत. शेवटी तिनं धुळ्याच्या प्रोग्रॅमला चाळणी लावली. घंटीचं अक्षर आलं तर टाकून द्यायचं, मोजायचंही नाही.

"ऱ्हाऊ द्या ना ताई," अभिमनभाऊ म्हणाले. "कोनले तरास शे?"

पण चाळणी लागली आणि आकडे जुळायला लागले. सुनंदाला मात्र दुपार रिकामी वाटायची.

फेब्रुवारीत तिच्या धाकट्या बहिणीचं, पुष्पाचं, धुळ्याला मोठं ऑपरेशन ठरलं. रक्तगट बी निगेटिव्ह. शोधून शोधून सगळे थकले तेव्हा कुठं एक बाटली मिळाली. त्या दिवशीच्या यादीत ती होती, आणि सुनंदाचा सगळा जीव त्या एका ओळीत अडकला होता.

पडद्यावर ओळी सावकाश सरकत होत्या. बी निगेटिव्हची ओळ आली.

टिंग.

धुळ्याला नाही. तिच्या खोलीत, तिच्याच मशीनवर.

खाली बेरीज आली. यादीपेक्षा एक बाइट जास्त. म्हणजे तो तारेत शिरला नव्हता. तो तिच्या प्रोग्रॅममधूनच बाहेर पडला होता आणि तिच्या मोजणीनं तो मोजला होता.

तिनं यादी पुन्हा पाठवली. पुन्हा तीच ओळ. टिंग.

एसीत तिला घाम फुटला. ती उठून प्रयोगशाळेत गेली. तिथल्या तंत्रज्ञ लिलाबाई हात पुसत होत्या.

"बी निगेटिव्हच्या टेस्ट पुन्हा कराल?"

"झाल्यात की सगळ्या. का गं?"

"हात जोडते, करा."

गाडी थांबवून ठेवली. लिलाबाईंनी बाटली नव्यानं तपासली आणि लगेच बाजूला काढून ठेवली. सकाळी दोन बाटल्यांच्या नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. या रक्तात काविळीचे विषाणू होते.

सुनंदानं नानांच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी बी निगेटिव्हचा एक गार्ड ड्युटीवरून थेट येऊन रक्त देऊन गेला. ऑपरेशन पार पडलं. महिन्याभरात पुष्पा सगळ्यांशी भांडण्याइतकी बरी झाली.

आभार कुणाचे मानायचे हे सुनंदाला ठाऊक होतं, आणि तेवढंच कुणाला सांगता येत नव्हतं. तिनं धुळ्याची चाळणी काढली. आपल्या प्रोग्रॅमच्या शेवटी घंटीची एक ओळ परत घातली. इकडून जाणारी, एवढीच.

यादी गेली. शेवटी घंटी गेली.

"नाना, फार उपकार झाले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बेरीज आली, २११९. घंटीसकट, अगदी बरोबर. फोनला जोडायची म्हणून तिनं मोडेमची तार उपसून हातात घेतली.

टिंग.

तार हातातच होती. पडद्यावर आता २१२० झाले होते.

तिनं तार फोनला लावली, धुळ्याचा नंबर फिरवला.

"बोला ताई, आकडा?"

तिनं पडद्यावरचा वाचला. "एकवीसशे वीस."

"जुळला," अभिमनभाऊ म्हणाले, आणि पलीकडे कागद फाडल्याचा आवाज आला.