सोबती नसलेलं बाळ

मिरजेच्या त्या प्रसूतिगृहात पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेत आणि सोबती सापडला की पेढे वाटत. ऋजुताच्या बाळाचा निकाल आला तेव्हा सिंधूमावशी, तिथली परिचारिका, पेढ्यांचा पुडा पदराआड धरून आल्या पावली परत गेली.

डॉ. मुजावरबाईंनी दार लावून घेतलं. "बाळ कोरं आहे. विषाणूही नाही, सोबतीही नाही."

ऋजुताला हसूच फुटलं. "मग घाबरवता काय बाई!"

बाई हसल्या नाहीत.

सोबती म्हणजे एचआयव्हीचाच मुद्दाम पंगू केलेला भाऊ. पेशीत शिरून तो मूळ विषाणूचं सामान पळवतो, त्यातून स्वतःच्याच प्रती काढतो. विषाणू उपाशी राहतो, माणूस धडधाकट. शिवाय ज्या वाटांनी रोग जातो, रक्त, संग, आईचं दूध, त्याच वाटांनी हे औषधही जातं. चाळीस वर्षांत ते आफ्रिकेतल्या किन्शासापासून कवठेमहांकाळपर्यंत डॉक्टरांच्या आधी पोहोचलं. आता जवळजवळ सगळ्यांच्याच, ऋजुताच्याही रक्तात विषाणू आणि सोबती दोघं सुखानं नांदत होते. रक्तपेढ्यांनी तपासणी कधीच सोडली होती.

"विषाणू दाबायच्या जुन्या गोळ्या घेतल्यात ना?" बाईंनी विचारलं.

"दारेसलामहून मागवल्या. नऊ महिने, चोरून." ऋजुता म्हणाली. "पोटातल्या जिवाला रोग कशाला, म्हणून."

"गोळ्यांनी दोघांनाही अडवलं. उद्या याला कुणाचं रक्त चढलं, की विषाणू येईल. सोबती मागं राहिला तर? इतकी वर्षं झुंजून तगडा झालेला विषाणू कोऱ्या शरीरात मोकाट सुटतो. गेल्या वर्षी अशी तीन मुलं गेली."

"मग यालाही गोळ्या देऊ!"

"त्या गोळ्यांचा शेवटचा कारखाना जूनमध्ये बंद झाला."

"नुसता सोबती टोचा ना!"

"विषाणूशिवाय तो दोन दिवसही जगत नाही. त्याच्याच जिवावर जगतो."

"म्हणजे रोग कधी संपायचाच नाही?"

"रोग संपला, तर औषधही संपेल," बाई म्हणाल्या. "गोळ्या आजपासून बंद. गोळ्यांचा अंश जाईपर्यंत पंधरा दिवस दूध पिळून टाका, मग पाजा. रक्त एकदाच चढतं, दूध रोज; त्यातून दोघं बरोबरच जातात."

"मी? माझ्या हातानं रोग पाजू?"

"तुमच्या आईनं पाजला. माझ्याही."

गोळ्या सोडल्यापासून सोळाव्या दिवशी ऋजुतानं प्रसूतिगृहातच बाळाला छातीशी घेतलं. ते अधाशासारखं पिऊ लागलं.

"नीट धर गं, सांडतंय," सिंधूमावशी म्हणाली.

हनुवटीवर ओघळलेला थेंब ऋजुतानं पुसला नाही. बोटावर घेऊन तो तिनं बाळाच्या ओठांत सारला.