सावनेरच्या पुढचा बाण

बुधवारी सकाळी मी इतवारीच्या बाजारातून दोन किलो चुना आणला. घर रंगवायचं नव्हतं. रस्त्यावर बाण काढायचे होते. त्या चुन्यापासूनच सांगतो, म्हणजे सगळं बराबर ध्यानात येईल.

माझं नाव रुपराव. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चौथी नापास झालो तेव्हापासून तिथंच बसतो. महादेव अन् मनोहर हे माझे जुने सोबती. महादेव कापडाच्या दुकानात थान उलगडता उलगडता म्हातारा झाला, मनोहर एसटी चालवता चालवता. दरवर्षी संक्रांत झाली की एक दिवस आम्ही सायकली काढतो. दिवस उगवला की निघायचं, मावळायच्या आत घरी यायचं, मधात होईल तेवढं दूर जायचं. रामटेक झालं, भिवापूर झालं. कोणी झेंडा दाखवत नाही, कोणी हार घालत नाही. आमचं आम्हीच.

आमचा एक नियम आहे. म्हाताऱ्या माना मागं वळत नाहीत, म्हणून चालता चालता नंबर पुकारायचा. पुढचा ओरडते, "एक!" त्याच्या मागचा, "दोन!" असं शेवटपर्यंत. कोणी मागं राहिला तर लगेच कळते. एक नंबर माझा. बावीस वर्षं माझाच होता.

मग गिरिधर आला. बँकेतून रिटायर झालेला, धरमपेठेतला, गोरापान माणूस. गिअरवाली सायकल घेऊन माझ्याच दुकानात ब्रेक कसायला आला होता. मीच त्याले महादेवशी बोलायला लावलं. माझीच अक्कल गेली होती.

सहा महिन्यांत महादेव त्याचाच झाला. सकाळी फिरायला त्याच्यासंग, चहा त्याच्याकडं. एक दिवस महादेवची सायकल पाहिली तर चेन आरशासारखी चमकून राहिली होती. त्या सायकलले चाळीस वर्षं माझ्याशिवाय कोणी तेल लावलं नव्हतं.

"कोणी केलं हे?"

"गिरिधरनं. त्याच्याजवळ फवारा आहे गा, दोन मिनिटांत साफ!"

मी हसून मान हलवली. पण त्या दिवशी मले जेवण गेलं नाही.

यंदाची बैठक महादेवच्या घरी झाली. गिरिधरनं कागदावर सगळा रस्ता काढून आणला होता. सावनेरवरून सौंसर अन् वापस, पण हायवेनं नाही, ट्रक फार. आतल्या रस्त्यानं.

"सर्वांत पुढं कोण?" मनोहरनं विचारलं.

मी खाकरलो. महादेव माझ्याकडं न पाहता म्हणे, "गिरिधरले राहू द्या यंदा. त्याची सायकल चांगली आहे. रुपराव, तू मागं राहा ना गा. कोणाचं पंक्चर झालं तर तू पाहिजे."

"म्हणजे मी मेकॅनिक," मी म्हणालो.

"तर काय डॉक्टर आहेस?" मनोहर हसला. सगळे हसले. महादेवची बायको रुखमाबाई सैपाकघरातून हसली.

गिरिधर नाही हसला. तो म्हणाला, "रुपरावजी, आतल्या रस्त्यांना फाटे फार आहेत. वळणावर बाण तुम्हीच काढा. मी मोबाईल पिशवीत ठेवीन, पाहणारच नाही. तुमच्या बाणावर माझा भरवसा."

भला माणूस होता हो. त्याचाच तर राग येत होता.

म्हणून तो चुना. गुरुवारी लुना काढली अन् एकटाच गेलो. माझ्या बाणाच्या शेपटीवर दोन आडव्या रेघा असतात, ओळख म्हणून. सावनेरच्या पुढं एक फाटा आहे. उजवा रस्ता सौंसरकडं जाते, डावा एका जुन्या कोळशाच्या खाणीकडं. खाण बंद होऊन जमाना झाला, खड्ड्यात पाणी भरलं आहे. तिथं मी चुन्यात बुडवलेला कुचा हातात घेऊन लय वेळ उभा राहिलो. मग डावीकडं बाण काढला.

मनात एवढंच होतं की गिरिधर साहेब तीन किलोमीटर फुकट जाईल, पाणी पाहून वापस येईल अन् सगळ्यांत शेवटी पोहोचेल. महादेव पाहील कोण चांगला ते. देवाशपथ, याच्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

रविवारी दिवस उगवता निघालो. पुढून गिरिधर ओरडे, "एक!" महादेव, "दोन!" मनोहर, "तीन!" अन् मी सगळ्यांच्या मागं, त्यांची पाठ पाहत, "चार." पाटणसावंगीले मनोहरचं पंक्चर झालं, मीच काढलं. सावनेरले तर्री पोहे खाल्ले. महादेवनं आपल्या प्लेटातली शेव गिरिधरच्या प्लेटात टाकली. मले विचारलंही नाही.

तिथून गिरिधर सुटला तो दिसेनासाच झाला. आम्ही फाट्यावर आलो तेव्हा बारा वाजायला आले होते. दोन्हीकडं वेचून झालेली कपाशी, पानं कोळशाच्या धुरळ्यानं काळी. माणूस नाही, कुत्रं नाही. सावली आखूड झाली होती.

महादेव थांबला. "बाण तर डावीकडं आहे."

"कोणीतरी मस्ती केली आहे," मी म्हणालो. "मी उजवीकडं काढला होता. चाल."

"अन् गिरिधर?"

"त्याले कळते सगळं. तो पुढंच गेला असेल."

मी सायकल पुढं घेतली. छातीत कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! माझ्या पुढं कोणाची पाठ नव्हती. मी जोरानं ओरडलो, "एक!"

"दोन!"

आवाज आला, पण मागून नाही. डावीकडून आला, कपाशीच्या पार पलीकडून. बारीक, लांबून. गिरिधरचा.

मागून महादेव म्हणे, "मी नाही बोललो गा..."

आम्ही तिघंही थांबलो. वारा नव्हता. ओल्या कोळशाचा वास आला, जसा विझवलेल्या शेगडीतून येते. मले वाटलं, साहेब वापस येऊन राहिला, आमचा आवाज ऐकला असेल. पण तीन किलोमीटरवर आवाज जाते कुठं? मी पुन्हा म्हणालो, या वेळी हळूच, नुसतं ओठांत. "एक..."

"दोन!" पलीकडून लगेच आलं. जसा कोणी त्याच्या दहा हात समोर बोलला होता.

मनोहर सायकलवरून उतरला. एवढा मोठा एसटीवाला, पण सायकलच्या आड उभा राहिला. "रुपराव, आता नको बोलू..."

मी नाहीच बोललो. तोंड गच्च मिटून ठेवलं होतं. तरी पलीकडून आलं, "दोन!" थोडं थांबून पुन्हा, "दोन!" दर वेळी थोडं अजून दूर.

तेवढ्यात महादेवचा मोबाईल वाजला. त्यानं आवाज मोठा करून धरला. गिरिधर होता, दम लागलेला.

"महादेवराव, मागं राहिलात का तुम्ही? रुपरावजींना सांगा ना जरा हळू चालवायला. मी कितीदा हाक मारली, ते थांबतच नाहीत."

महादेव माझ्याकडं पाहत होता. "रुपराव? कुठं आहे रुपराव?"

"माझ्या पुढं. फाट्यापासून पुढंच आहेत. सारखे 'एक, एक' करून राहिले. मी दोन म्हणतो, पण मागं पाहत नाहीत. हे ऐका..."

मोबाईलमधून माझा आवाज आला. "एक!" माझाच, खोकल्यासकट.

खरं सांगतो, लपवत नाही. त्या वेळी मले पहिले भीती नाही वाटली. पहिले मनात आलं, अशा वेळीही यानं फोन महादेवलेच केला. मले नाही. अन् दुसरं मनात आलं, गप राहा रुपराव, थोडा वेळ गप राहा.

"पुढं पाणी आहे वाटते," गिरिधर म्हणाला. "पण ते चाललेच आहेत... म्हणजे रस्ता असेल. बाणही आहे..." मग पाण्याचा आवाज आला. चाक पाण्यात शिरते तसा.

महादेवनं माझा शर्ट धरला. "रुपराव! काय आहे तिथं? बोल ना!"

मी मोबाईल हिसकला. "साहेब, थांबा! तो मी नाही! बाण खोटा आहे, मीच काढला, तुम्ही चुकावं म्हणून काढला! पुढं खाण आहे, थांबा!"

मोबाईलमधून पाणी डुचमळल्याचा आवाज आला. मग गिरिधर एकदम हळू बोलला, जसं कोणी झोपलेल्या माणसाजवळ बोलते.

"आता थांबले... आता मागं वळून पाहून राहिले माझ्याकडं..."

फोन बंद झाला.

आम्ही तिघं वापस फाट्यावर अन् तिथून खाणीकडं पळवल्या सायकली. खाणीकडचा बाण मी एकच काढला होता, फाट्यावरचा. पण त्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवर बाण होता. शेपटीवर दोन आडव्या रेघा. चुना ओला होता. मनोहरनं बोट लावून पाहिलं अन् पँटले पुसलं, पण ते बोट त्यानं पूर्ण दिवस दूर धरून ठेवलं.

शेवटचा बाण पाण्याच्या काठावर होता. टोक पाण्याकडं.

गिरिधर काठावर बसला होता. सायकल कमरेइतक्या पाण्यात आडवी पडली होती, तो गळ्यापर्यंत ओला. जिवंत होता. महादेव त्याच्याजवळ धावला, त्याचं डोकं आपल्या छातीले लावलं. मी उभा राहिलो. चाळीस वर्षांत महादेवनं माझं डोकं असं धरलं नव्हतं.

गिरिधरनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाण्याकडं पाहिलं.

"रुपरावजी तर आत गेले," तो महादेवले म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर गेले. वर नाही आले."

"हा काय इथं उभा आहे," मनोहर म्हणाला.

गिरिधरनं पाण्यावरची नजर हलवली नाही.

टेम्पोत सायकली टाकून आम्ही वापस आलो. मले वाटलं होतं महादेव शिव्या देईल, चार लोकांत काढेल माझी इज्जत. नाही काढली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो दुकानासमोरून जाई, आत पाही अन् पुढं जाई, जसं दुकान बंद आहे.

मागच्या रविवारी मले कळलं की महादेवकडं बैठक आहे. कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. दार उघडंच होतं. मी आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो. गिरिधर कागदावर रस्ता काढून राहिला होता. मी वाकून पाहिलं. सावनेर, फाटा, अन् फाट्यापासून डावीकडं रेघ.

"तिकडं कायले?" मी विचारलं.

गिरिधर मनोहरले सांगून राहिला होता, "आधी तिथं थांबू. रुपरावजी तिथंच राहिले ना. त्यांना घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही."

"हाव," महादेव म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "एक नंबर त्याचाच. मीच त्याले मागं ठेवलं होतं... त्याचा नंबर त्याले देऊन टाकू."

"महादेव, मी आहो ना गा इथं," मी म्हणालो.

मनोहरनं कान खाजवला अन् वाऱ्याचा आवाज आल्यासारखी खिडकी लावून घेतली.

काय सांगू तुम्हाले, त्या घडीले मले महादेवचा राग नाही आला, साहेबाचाही नाही. राग आला त्या पाण्यातल्याचा. ज्याच्यासाठी महादेवनं डोळे पुसले होते. जिवंत माणसाले कधी भेटलं नाही ते त्याले भेटून राहिलं होतं.

रुखमाबाई चहा घेऊन आली. चार कप. तिघांनी आपापले उचलले. चौथा, काठोकाठ भरलेला, महादेवनं माझ्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला अन् वरून बशी झाकली.

"त्याच्यासाठी राहू दे," तो म्हणाला.

मी हात नाही लावला. लावायचा कसा? ते बोलत राहिले, हसले, मग फाटकापर्यंत गिरिधरले सोडायला गेले. खोलीत मी एकटा राहिलो. तेव्हा मी बशी उचलली.

कप रिकामा होता. बुडाशी ओली, काळी माती होती अन् काठावर नुकत्या लागलेल्या ओठांचा डाग.