कोरड्या मोरीची साक्ष

भागिरथी साळवे पहिल्या एसटीने पाथर्डीहून नगरला आली आणि मेहताब काझींच्या टेबलावर तिने एक नकाशा उलगडला.

"ताई, आमची वस्ती कुनीतरी मधोमध चिरली. कुनी, ते सांगा."

मेहताबबाईंनी डोळे उघडले. भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं जमिनी मोजून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाचं ऑफिस काढलं, कारण घरी बसून गुडघे जास्तच दुखत. सोबतीला सोपानराव होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गाडी तेच चालवत, टिपणंही तेच घेत. आपल्याला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितल्यावरच कळते, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं.

नकाशा करंजखडी ग्रामपंचायतीच्या नव्या प्रभागांचा होता. दोन आणि तीन नंबरच्या प्रभागांमधली रेघ थेट बौद्ध वस्तीतून गेली होती.

"नकाशात खाडाखोड झाली आसंल," भागिरथी म्हणाली. "उद्या प्रांतसाहेबांपुढं हरकतींची सुनावनी हाय. उद्या रेघ हलली न्हाई, तर पाच वर्सं हलायची न्हाई."

"पण बाई, घरं तीच, माणसं तीच, मतंही तेवढीच," सोपानराव म्हणाले. "रेघेने बिघडलं काय?"

मेहताबबाईंनी त्यांच्याच पिशवीतली चिंचोक्यांची पुरचुंडी ओढून घेतली. शाळा सुटली तरी ती सुटली नव्हती. त्यांनी दहा चिंचोके मांडले, त्यातले सहा सोललेले, पांढरे.

"हा एक प्रभाग. पांढरे म्हणजे वस्ती. दहात सहा. मेंबर कोणाचा?"

"वस्तीचा."

मग त्यांनी आणखी दहा न सोललेले चिंचोके घेऊन दहा-दहाचे दोन ढीग केले. तीन पांढरे एका ढिगात, तीन दुसऱ्यात. "आता?"

सोपानरावांनी दोन्ही ढीग बोटाने मोजले. "दोन्हीकडे हरले. एकही घर न पाडता."

"वस्तीचा मेंबर हुता तवा नळ आला," भागिरथी म्हणाली. "टाकी ऱ्हाली. आवंदा मी उभी ऱ्हानार हुते."

करंजखडी यायच्या आधी गाडी एका सिमेंटच्या मोरीवरून गेली. दोन्ही बाजूंना जुन्या करंजांची रांग होती आणि मोरीखाली कोणाच्या तरी ज्वारीची धसकटं.

"पाणी नाही तिथं मोरी कोणी बांधली?" सोपानरावांनी सहज विचारलं.

"लिहून ठेवा," मेहताबबाई म्हणाल्या.

वस्तीच्या मधून छातीइतका खोल नाला गेला होता, वर फळ्या टाकलेल्या. नाल्याने भागूबाई नावाच्या म्हातारीचा अर्धा ओटा खाल्ला होता. पुढे एका स्लॅबच्या घरापाशी मात्र तो कोपरासारखा वाकून मग पुन्हा सरळ झाला होता.

"हे घर?"

"सम्राटचं. आमचा मुकादम. उसाची टोळी त्योच नेतो, समदी वस्ती त्येच्याच टोळीत."

"आणि नाला कधीचा?"

"आमी उसाला गेल्तो तवा खोदला, पावसाचं पानी घरात शिरू नये म्हनून. दसऱ्याला गेलो, गुडीपाडव्याला आलो, तर तयार. माजी सरपंच कल्याणरावांनी केला म्हनून आमी त्येंचा सत्कार केला. नारळ मीच दिला."

तलाठी आरती तीन महिन्यांपूर्वीच शेवगावहून बदलून आली होती. तिने फाईल पुढे सरकवली. खाडाखोड नव्हती.

"हद्द नाला-रस्ता बघून घ्यायची, असा नियम आहे मॅडम. उपग्रहाच्या चित्रात नाला दिसला, जागेवरही दिसला. मी नाला घेतला."

"वस्ती फोडू नये, असंही त्याच कागदात आहे."

आरतीने मान खाली घातली. "पाडव्याआधीच जावं लागलं. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, माणूस दिसेना. मला वाटलं, नाल्याच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे दुसरी."

कल्याणराव लग्नाला निघाले होते. उभ्याउभ्याच बोलले. "बाईसाहेब, वस्तीचाच अर्ज होता. जानेवारीत आला, फेब्रुवारीत काम झालं. मागितलं ते दिलं, तरी आमचीच चौकशी?"

"अर्जावर सही कोणाची?"

"समस्त ग्रामस्थ, वस्ती. एवढंच." आणि ते गाडीत बसले.

सम्राट तिशीतला, अदबीचा होता. त्याने आधी माठातलं पाणी दिलं. "मी टोळीबरोबर कारखान्यावर होतो मॅडम. पाडव्याला सगळ्यांबरोबरच आलो. नाला बघून हरखलोच."

"तुमच्या दाराशीच तेवढा वाकलाय."

"अहो, जेसीबीला तिथं काळा पाषाण लागला. बकेटचा दात मोडला. मग वळवला."

मेहताबबाईंनी पाणी संपवलं, भागिरथीकडून पहार मागवली आणि त्याच्या ओट्यासमोरची जागा दाखवली. "सोपानराव, इथं मारा."

तीन घावांत पहार हातभर आत गेली. सगळा मुरूम. सोपानरावांना आपल्या ताकदीचं कौतुक वाटलं. दुसरं काही सुचलं नाही.

दुपार कलली तेव्हा विहाराच्या पायरीवर सगळे जमले. आरती फाईल घेऊन आली होती. सम्राट कडेला उभा होता. मेहताबबाई पाय लांब करून बसल्या.

"नकाशात कोणी हात घातलेला नाही," त्या म्हणाल्या. "रेघ कोणी हलवली नाही. नाला हलवला."

सोपानरावांनी वहीत मोरीचं पान काढलं.

"मोरी बांधतात ती ओढ्यावर. करंजही ओढ्याकाठीच वाढतात. म्हणजे खरा ओढा तिथं, वस्तीच्या पलीकडून जात होता. आरतीबाई, तुमच्या जुन्या गावनकाशात बघा."

आरतीने नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि करंजांपाशी थांबवलं.

"हद्द ओढा-नाला बघून घेतात, हे करणाऱ्याला माहीत होतं. म्हणून नवा नाला वस्तीतून काढला आणि ओढा बुजवून वर ज्वारी पेरली. आता जो येईल तो प्रामाणिकपणेच वस्ती चिरणार होता."

"ओढा बुजलेला आमाला ठावं हुतं," भागिरथी हळू म्हणाली. "पन ते आन हे एकच हाय, हे न्हाई कळलं."

"अर्ज वस्तीतून गेला, जानेवारीत. तेव्हा वस्तीतलं कोण कुठं होतं?"

"समदी उसाच्या फडात. म्हातारी मानसंबी लेकरं सांबाळाया संगं येत्यात."

"फडातून मजूर उठून येऊ शकतो?"

"मुकादमाला इचारल्याबिगर न्हाई."

"आणि मुकादम?"

आता सोपानरावांच्या डोक्यात उजेड पडला. "पाडव्याला आला, तर बकेटचा दात मोडलेला याने पाहिला कुठे?"

"आणि पाषाण नाहीच तिथं," मेहताबबाई म्हणाल्या. "भागूबाईंचा ओटा गेला, ह्याचा वाचला. उभं राहून वळवल्याशिवाय असं होत नाही."

सम्राट खाली बसला. "कल्याणराव म्हणाले, भागिरथी आत्या मेंबर झाली की दाखल्याला, घरकुलाला लोक तिच्याकडं जातील. तुला कोण विचारणार? नाला कुठून न्यायचा ते त्यांनी फक्त बोटाने दाखवलं. अर्ज मी लिहिला."

"मला येऊन बोलला आस्तास तरी," भागिरथी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दिवसभराचा शीण होता.

"मोरी आणि नकाशा आहेच," मेहताबबाई उठता उठता म्हणाल्या. "पण नाला मुद्दाम वळवला, हे साहेबांना सांगणारा माणूस एकच आहे. त्याला मी ओढून नेणार नाही. माझे गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीची जीप वस्तीत आली. दाटीवाटीने बाया चढल्या. सम्राट लांब आपल्या ओट्यावर उभा होता. सोपानरावांनी मागे गाडी सुरू करून ठेवली होती.

भागिरथीने जीपच्या फळीवर सरकून वीतभर जागा केली.

"सम्राट, दर साली टरकात आमाला तू बसवतोस. आज मी बसवते. ये."

तो पायात चप्पल न घालताच आला.

तीन आठवड्यांनी भागिरथीचा फोन आला. नवी रेघ मोरीखालून गेली होती. सोपानरावांनी पुरचुंडी सोडून सहा पांढरे चिंचोके एका जागी ठेवले.

"म्हणजे बाई, तुम्ही निवडून आलात?"

"कुटं मास्तर? मतदान व्हायचंय आजून. सम्राटबी उभा ऱ्हायलाय, माझ्याच इरोधात," पलीकडून ती थकल्यासारखी हसली. "ऱ्हाऊ द्या. आता हरले तरी माझ्या मानसांनीच हरवलं म्हनंन."