हातातला संच

लखू तांडेल दुकानात शिरला तेव्हा त्याच्या भुवईतून रक्त ठिबकत होतं. पारूनं काउंटरवरचे रेडिओ बाजूला सरकवून फडकं पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही.

"वहिनी, रेडिओ दाखव."

"आहे की तुमच्या होडीवर. मीच बसवलाय."

"दुसरा हवा. भरती दुपारी तीनला आहे. त्याआधी."

भरती आली की होड्या पलीकडच्या गावावर चालून जाणार, हे मुरवणमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. धक्क्यावर तीन होड्या अजून धुमसत होत्या. शेजारी शिडाच्या कापडाखाली लखूचा धाकटा भाऊ संपत निजवलेला होता. सकाळी खाडीत पलीकडच्या तळबंदकरांनी वल्ह्यानं त्याचं डोकं फोडलं होतं. मुरवणच्या पोरांनीही तिथल्या भिकू मेहेरला पाण्यात दाबून धरलं होतं, हात हलायचे थांबेपर्यंत. त्या भिकूचा थोरला भाऊ वामन म्हणजे लखूच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

पारूनं तीन संच मांडले. ती सवयीनं सांगत गेली.

"हा गाडीचा. गाडीच्या बॅटरीवर चालतो, रस्त्यात जे गाव लागेल तिथलं ऐकवतो."

"गाडी पाण्यात घालू?"

"हा घरचा. कर्णा मोठा. बसवताना ठिकाण एकदाच भरायचं, मग कायम तिथलीच बातमी. आणि हा हातातला. तुम्ही जाल तिथला होतो."

"म्हणजे तळबंदला गेलो तर तळबंदची बातमी देईल?"

"हो."

"हाच दे. त्यांच्यात काय शिजतंय ते कळू दे."

पारूचा हात संचावरच थांबला. वादळात मोबाइलचे मनोरे पडले, ते पुन्हा कुणी उभारलेच नाहीत. तेव्हापासून बातमी यायची ती उपग्रहावरून. उपग्रह हजार गावांच्या हजार बातम्या एकदम सोडायचा आणि प्रत्येक संच त्यातली आपल्या ठिकाणची तेवढी उचलायचा. बातम्या यंत्रच रचायचं आणि यंत्रच वाचायचं, पण आवाज इतका मायेचा की गाव त्याला ताई म्हणायचं. संच उलट उपग्रहाला दोनच गोष्टी कळवायचा: मी कुठं आहे, आणि मला कुणी ऐकतंय का.

होड्यांवर खरं तर हातातले संच बसायला हवे होते. पण अर्जावर घर, गाडी की हात असं विचारलं तेव्हा प्रत्येक नाखवा म्हणाला होता, "आमचं घर म्हणजे होडीच. घर लिही." शिवाय कर्णा मोठा, इंजिनाच्या आवाजातही ऐकू येणारा. पारूनं एकतीस वेळा स्वतःच्या अक्षरात 'घर, मुरवण' लिहिलं. तळबंदच्या दुकानदारानंही तेच केलं असणार. म्हणजे दोन गावांच्या होड्या खाडीत एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, तरी प्रत्येकीवर आपल्याच गावची ताई बोलत होती.

"मी येते," ती म्हणाली. "हा माझ्या नावावर, पार्वती नाखवा म्हणून नोंदलाय. मलाच चालवता येतो."

"तिथं रक्त सांडणार आहे, वहिनी."

"इथं काय सांडलंय मग?"

तीन वाजता बारा होड्या सुटल्या. पुढच्या होडीत लखू, हातात लोखंडी आकडा लावलेला बांबू. पारू त्याच्या पायाशी संच घेऊन बसली. होडीवरचा कर्णा आणि हातातला संच एकच वाक्य पाठोपाठ बोलत होते, पाढे म्हणणाऱ्या दोन मुलांसारखे. "मुरवणकरांनो, परवा तुमची जाळी तळबंदच्या लोकांनी कापली..."

दोन गावांची हद्द दाखवणाऱ्या मधल्या तरंगत्या बोयापलीकडं होडी गेली आणि हातातला संच क्षणभर गप्प झाला. मग तीच ताई त्याच मायेनं म्हणाली, "तळबंदकरांनो, परवा तुमची जाळी मुरवणच्या लोकांनी कापली..."

"आम्ही?" लखू खाली वाकला. "आमचीच तर फाटली."

पुढचं ऐकायला वेळ मिळाला नाही. तळबंदच्या होड्या समोरून आदळल्या. एका पोराचा हात दोन फळ्यांमध्ये चिरडला, बोटं लोंबायला लागली. लखूनं आकडा फिरवला तो कुणाच्या तरी मांडीत रुतला, आणि ओढताना मांसासकट बाहेर आला. वामननं वल्हं उचललं. ते लखूच्या खांद्यावर बसलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज पारूला स्पष्ट ऐकू आला.

तिनं कर्ण्याची तार उपटली. होडीच्या टोकाशी जाऊन हातातला संच पूर्ण आवाजात उंच धरला. होडी लाटेबरोबर बोयाच्या अलीकडं जाई, पुन्हा पलीकडं येई. आणि ताई बोलत राहिली: मुरवणकरांनो, तुमची जाळी. तळबंदकरांनो, तुमची जाळी. पुन्हा मुरवणकरांनो.

आधी वामनचं वल्हं खाली आलं.

"लखू, तुमची पण फाटली?"

"सगळी," लखू कळ दाबत म्हणाला. "एक धड नाही."

"परवा पहाटे ती मोठी मालवाहू बार्ज गेली होती इथनं, जाळ्यांवरनंच."

मग एकानं आपला कर्णा बंद केला. दुसऱ्यानं केला. भिकूच्या नावानं कुणीतरी रडायला लागलं, आणि संपतच्याही. निम्मे कर्णे गप्प झाले तेव्हा पारूला वाटलं, संपलं.

उरलेल्या कर्ण्यांवर ताई जरा थांबली. ऐकणारे कमी झाल्याचं तिला कळलं होतं. मग ती पुन्हा बोलू लागली, आणि या वेळी दोन्ही गावांच्या कर्ण्यांतून, हातातल्या संचातूनही, एकच वाक्य आलं.

"खाडीच्या मध्यावर, बोयाजवळ, पार्वती नाखवा आहेत. संच खपावेत म्हणून जाळी त्यांनीच कापली."

बंद केलेले कर्णे एकेक करून पुन्हा सुरू झाले. सगळ्या माना पारूकडं वळल्या. लखूचा मोडका हात लोंबत होता, दुसऱ्यात आकडा तसाच होता.

"वहिनी, ही खरं बोलते का गं?"

पारूनं संच त्याच्यापुढं धरला. ताईचा आवाज आता तिच्या तळव्यात थरथरत होता.

"बटण उजव्या बाजूला आहे, भावजी. पण ते दाबायला हातातलं खाली ठेवावं लागेल. ठेवाल?"