ध्रुपदापुरती जागा

सिल्व्हर पार्कमधल्या दाजींच्या घरी दुपारची झोप कुणाला मिळत नसे. एका भिंतीला नुसत्या गाणाऱ्या पेट्या. कुणाच्या पोटात खिळ्यांचं नळकांडं आणि त्या खिळ्यांनी छेडला जाणारा पोलादी दातांचा कंगवा, कुणाच्या पोटात भोकाभोकांची पितळी तबकडी. खिडकीत किल्लीवर शीळ घालणारा पक्षी, त्याच्या आत सुपारीएवढा भाता. कोपऱ्यात कागदाची गुंडाळी फिरवली की वाजणारा ऑर्गन. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले दाजी एकेकाला तेल घालत, मऊ फडक्यानं पुसत आणि म्हणत, "जीव नाही, पण नाम घेतल्यासारखं वाजतं बघ. नामाला काय लोखंड वर्ज्य आहे?"

"लोखंडाला खाकरावं तरी लागत नाही," त्यांची बायको उर्मिलाबाई टोमणा मारत. "तुमचं ध्रुपद खाकरल्याशिवाय निघतच नाही."

ते खरंच होतं. चाळीस वर्षं दाजी कीर्तनात बाबाजी महाराजांच्या मागे टाळ धरून उभे होते. महाराजांनी ओळ सोडली की एकदा खाकरायचं आणि ध्रुपद म्हणून ती उचलायची. पण गेल्या वर्षी नवघरच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, महाराजांचा आवाज मध्येच बसला तो बसलाच. कीर्तन अर्धं राहिलं. आता डॉक्टरांनीही महाराजांची आशा सोडली होती. महाराजांनी पाटीवर लिहिलं होतं, "यंदाच्या काल्याला, रविवारी उरलेलं पुरं करतो, मग जातो."

सोमवारी दाजींनी उत्तनहून किल्लीची एक जुनी पेटी विकत आणली. अंगणात वाळत घातलेली मासळी उलटवता उलटवता पेटी विकणारी शेवंती म्हणाली होती, "धड वाजत न्हाय ती, काका. मधीच थांबते. कोनाची वाट बघते, देव जाने!"

दुपारी दाजींनी किल्ली दिली. एक ओळ वाजली आणि थांबली. नळकांडं फिरतच होतं, पण तेवढा पट्टा गुळगुळीत, एक खिळा नाही. मग पुन्हा तीच ओळ. दाजींनी चाल ओळखली. अर्ध्या राहिलेल्या अभंगाचीच चाल, आणि मधली जागा नेमकी ध्रुपदापुरती.

समोरून ओळ आली आणि दाजींनी ती उचलली नाही, असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. ते खाकरले आणि गायले.

पेटी पुढच्या ओळीवर गेली.

संध्याकाळी महाराजांच्या सुनेचा, संचिताचा फोन. "दाजीकाका, बाबा बोलले! दुपारी एक ओळ म्हटली, अगदी स्पष्ट!"

दाजींनी पेटीला हात जोडले. मंगळवारी दुसरी ओळ, बुधवारी तिसरी. रोज संचिताचा फोन येई. रोज दाजींचा घसा थोडा अधिक बसे. गुरुवारी तेल घालताना त्यांना दिसलं, गुळगुळीत पट्ट्यांवर बारीक खिळे उगवलेत, नव्या तांदळाच्या कण्यांसारखे.

"अहो, बंद करा ते," उर्मिलाबाई म्हणाल्या. "मघाशी तुम्ही मला हाक मारलीत. नुसते ओठ हलले."

"रविवारपर्यंत," दाजी कुजबुजले. "कीर्तन अर्धं ठेवून जाऊ द्यायचं का गं त्यांना?"

शनिवारी त्यांनी शेवटची ओळ उचलली.

रविवारी सकाळी नवघरचं देऊळ भरलं. वर दह्याची हंडी, खाली लाह्यांची टोपली. महाराज उभे राहिले आणि आवाज असा लागला, की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. महाराजांनी ओळ सोडली. वळून हसले. उचला, दाजी.

दाजींनी तोंड उघडलं.

काही नाही.

बाकीच्या टाळकऱ्यांनी ओळ सावरली. कीर्तन पुरं झालं, हंडी फुटली. महाराजांनी दाजींना छातीशी धरलं. दोघंही रडले. आवाज एकाचाच आला.

दुपारी उर्मिलाबाईंनी काल्याची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांना बरं वाटावं म्हणून उत्तनच्या पेटीला स्वतःच किल्ली दिली.

ओळ वाजली. थांबली.

दाजी सवयीनं पुढे सरसावले.

आणि त्या जागेत, कंगव्याच्या पोलादी दातांतून, आधी कुणीतरी खाकरलं.