माझ्या वाट्याचा राग

नवरा पळाला होता. म्हणजे मालिकेतला. त्याला दुसऱ्या शूटिंगची घाई, आणि इकडे बायकोचा क्लोजअप बाकी. दिग्दर्शकानं समोर दिसला त्या नव्या सहायकाला धरून कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. "नवऱ्याची वाक्यं तू वाच. ती तुझ्याकडे बघून भांडेल."

"काय रे खांब्या, भांडता येतं का?" तो खांबासारखा ताठ उभा बघून नायिकेनं विचारलं.

"ऐकून घेता येतं, मॅडम."

ती हसली. चला, नवऱ्यापेक्षा बरा!

मालिका विनोदी. नवरा रोज उशिरा येणार, बायको थयथयाट करणार, लोक खो-खो हसणार. बाईचा राग म्हणजे जगाला फुकटची करमणूक! पण खांब्याच्या डोळ्यांत बघितलं की तिचे शब्द पेटायचे. मग नवरा सेटवर असला तरी क्लोजअपला तिला खांब्याच लागायचा. 'मॅडम' कधीच गळून पडलं. शॉट संपल्यावरही तिची नजर तिथून हलायला जरा... वेळ लावायची.

एके दुपारी तो म्हणाला, "दुसऱ्या मालिकेत बोलावलंय. बढती आहे."

"जा की! अडवलंय कुणी?"

लगेच शॉट लागला. आणि ती फुटलीच— "तू येतच नाहीस! सगळ्या मुली घरी गेल्या, शिपायानं फाटक लावलं, तरी तू आला नाहीस!"

"वा! हेच ठेवू!" दिग्दर्शक खूश.

खांब्या तिच्यामागोमाग मेकअपच्या खोलीत आला. "हे कागदावर नव्हतं. शाळेच्या फाटकात कुणाची वाट बघत होतीस?"

आरशात तिचं काजळ उतरलं होतं. "बाबांची. आले नाहीत. त्या दिवशी नाही... नंतरही नाही."

"वाटलंच. मालिकेतली ही बाई नवऱ्यावर चिडतच नाही. दारात तिला भलताच माणूस दिसतो. लेखकाला पत्ता नाही, तू बरोबर पकडलंस. पण मी तिचा नवरा नाही. तुझे बाबाही नाही."

"मग कोण आहेस?"

"बघितलंस कुठे अजून? त्यांचा राग मी का झेलू? आणि त्यांच्यासाठी राखलेली माया— तीही मला नको. माझ्या वाट्याचं काय असेल ते दे."

"भारीच तोरा रे!"

पण तिनं बघितलं. नीट. बाबांसारखं त्याच्यात काहीच नव्हतं. नाकावर चष्म्याचा वळ, शर्टाचं बटण भलत्याच काजात... तिनं ते काढलं, सावकाश बरोबर लावलं.

"काल माझा चहा प्यायलास. न विचारता."

"प्यायलो."

"मी बोलताना ओठ चावतोस. माझं वाक्य विसरायला होतं."

"हे मात्र सगळं माझं," तो हसला. "अजून?"

"अजून... बढती घे. सोडलीस तर खरंच चिडेन. पण संध्याकाळी भेटायचं. उशीर केलास तर वाट बघत बसणार नाही. तुझ्या नव्या सेटवर येईन आणि सगळ्यांसमोर भांडेन."

"कुणाशी?"

"तुझ्याशी, गाढवा! आवडतोस म्हणून."