पापणीच्या मुळाशी

नावेत त्याने डोळा चोळायला हात उचलला आणि शेजारी बसलेल्या तंकमणीने तो मनगटापाशीच धरला.

"चोळू नका!"

सगळी नाव वळून बघू लागली. तंकमणी कानापर्यंत लाल झाली. परक्या पुरुषाचा हात... आणि तोही भर नदीत!

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे," ती पुटपुटली.

"होय का? मला वाटलं, पोलीस आहात."

त्याचं नाव अच्युतन. कथकळीत स्त्रीवेष करायचा. यंदाच्या उत्सवात पहिल्यांदाच दमयंती त्याच्या वाट्याला आली होती, आणि नेमक्या आताच पापण्या सुजल्या होत्या. खाज सुटे, केस गळत. उत्सवाआधी डोळे सुधारले नाहीत, तर वेष दुसऱ्याला, असं आशाननी, त्याच्या गुरूंनी, बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला.

"डोळ्यांना काय लावता?"

"पहाटे बुबुळं फिरवायच्या साधनेला डोळ्यांत तूप. केस गळायला लागल्यापासून जरा जास्तच. रात्री काजळही पुसत नाही... म्हटलं, तेवढंच पोषण."

रोसम्मा चेचीने, तिथल्या नर्सताईंनी, कपाळाला हात लावला. "गूळ तेवढा राहिला. तोही घाला, म्हणजे डोळ्यांत पायसम् तयार!"

तंकमणीने चिमट्याने त्याच्या पापणीचा एक केस अलगद उपटला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे सरकवला. तो वाकला.

"डॉक्टर... हे चालतंय."

"सूक्ष्म किडे आहेत ते, आठ पायांचे. केसाच्या मुळाशी डोकं खाली करून राहतात. बहुतेक सगळ्यांच्या पापण्यांत असतात, कुणाला पत्ताही नसतो. तेलकटपणा वाढला, स्वच्छता राहिली नाही, की त्यांची गर्दी होते, आणि मग अशी सूज येते. तूप आणि काजळ बंद."

"आशान ऐकायचे नाहीत."

आशान खरोखरच ऐकेनात. तुपाशिवाय नेत्रसाधना कुणी पाहिली आहे का, म्हणून दवाखान्यात येऊन गरजले. तंकमणीने त्यांनाही सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. म्हाताऱ्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"एवढुसं... आणि जिवंत! दिवसा काय करतात हे?"

"उजेड सोसत नाही त्यांना. रात्री बाहेर पडतात, फिरतात, जोडीदार शोधतात."

"मग रात्रभर खेळ करणाऱ्या आमच्याच मंडळीतले की!" आशान उठले. "अच्युता, तुपाला सुट्टी. बुबुळांना नाही."

त्यानंतर रोज सकाळी तंकमणी गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्या मिटल्या डोळ्यांवर धरी, सौम्य साबणाच्या पाण्याने एकेक पापणी पुसून घेई. इतक्या जवळून, की...

"श्वास घ्या," ती एकदा म्हणाली.

"मी घेतोय, डॉक्टर. तुम्हीच थांबलाय."

उत्सवात देवळाबाहेरच्या मैदानावर दमयंती हंसाशी बोलू लागली आणि माणसं खोकायची विसरली. ते डोळे लाजले, भ्याले, वाट पाहत राहिले. साऱ्या गर्दीत ते एकाच जागी थबकले. कुठे, हे रोसम्मा चेचीने तंकमणीला कोपराने ढोसून सांगितलं.

मग शेवटची तपासणी आली.

"आता एखाद-दुसराच दिसतोय," तंकमणी काचेवरून मान न उचलता म्हणाली. "बरे झालात."

"म्हणजे... उद्यापासून यायला नको?"

"नको."

बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. तो उठला नाही.

"सगळे का जात नाहीत हो?"

"कुणाचेच सगळे जात नाहीत. जवळच्या माणसाकडून येतात ते, बहुधा आईकडूनच. लहानपणी गालाला गाल लागतो ना... मग त्यांच्या पिढ्यामागून पिढ्या आपल्यापाशीच राहतात."

अच्युतन अगदी हळू म्हणाला, "मी चालायला लागायच्या आधीच अम्मा गेली. तिचा चेहरासुद्धा..." त्याने सूक्ष्मदर्शकात पुन्हा पाहिलं. गाभाऱ्यात बघावं तसं. "म्हणजे तेव्हापासून हे माझ्याजवळ आहेत?"

"असतील."

"आणि तुमच्यात?"

"माझ्या अम्माचे."

"मग दोघींची ओळख करून द्यायला हवी..."

"घाई कुणाला आहे? तुमच्या अम्माला?"

"तिचं माहीत नाही," तो म्हणाला. "मला मात्र आहे."

तंकमणीने दाराकडे पाहिलं. रोसम्मा चेचीने ते बाहेरून हलकेच ओढून घेतलं. तेव्हा तंकमणीने अच्युतनच्या ओल्या गालाला आपला गाल टेकवला... आणि बराच वेळ तसाच राहू दिला.